न पिकणारा व्रणशोथ : परसातील कोंबड्यांच्या पायांचे विकार आणि आपले कर्तव्य

वैद्याच्या दारी येणारा रुग्ण मनुष्यच असतो असे नाही, हे ग्रामीण भागात चिकित्सालय चालविणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींस सांगावयास नको. स्वतःचा गुडघा दाखवावयास आलेला शेतकरी जाता जाता बैलाच्या खांद्यावरील सुजेविषयी विचारतो. मुलाच्या खोकल्याचे औषध घ्यावयास औषधालयात आलेली माउली शेळीच्या हगवणीवरही काही द्या म्हणते. आपणही शक्य ते सांगतो. या सांगण्यात सद्भाव असतो. परंतु सद्भाव म्हणजे शास्त्र नव्हे. प्रस्तुत लेखाचा विषय परसातील कोंबड्यांच्या पायांस होणारा जंतुदोष हा असला, तरी त्याच्या मुळाशी आमची स्वतःची एक चूक आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढील विवेचनास अर्थ येणार नाही.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीतील एका गावी आमचे चिकित्सालय आहे. काही वर्षांपूर्वी श्रावणातील एका सकाळी, संधिवातासाठी नियमित येणाऱ्या एक आजी पदराखाली कोंबडी घेऊन आल्या.

"वैद्यबुवा, माझं गुडघं ऱ्हाऊ द्या आज. हिला बघा. चार दिस झालं, एक पाय वर धरून उभी राहती. दाणंबी नीट टिपंना."

कोंबडी गिरिराज जातीची, वजनदार. उजव्या तळव्यावर मोठ्या बोराएवढी सूज आणि तिच्या मध्यभागी काळी, घट्ट खपली. बोटाने दाबून पाहिले, तर सूज कठीण होती. कोठे मऊपणा नाही, पुवाची हालचाल नाही. आम्ही निदान केले की व्रणशोथ अद्याप आमावस्थेत आहे. जवसाचे पीठ, हळद व तूप यांचे पोटीस दोन वेळा बांधावयास सांगितले, आणि "पिकले की फोडू" असे आश्वासन दिले.

आजींनी तीन आठवडे न चुकता पोटीस बांधले. दर आठवड्यास आम्ही दाबून पाहिले, आणि दर आठवड्यास सूज अधिकच कठीण लागली. चौथ्या आठवड्यात सूज घोट्यापर्यंत चढली, कोंबडी बसून राहू लागली, आणि दोन दिवसांत गेली. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर योगायोगाने गावात लसीकरणासाठी आले होते. त्यांनी मृत पक्ष्याचा तळवा उघडून दाखविला. आत पातळ पू नव्हता. हरभऱ्याएवढा, पिवळसर, कोरड्या पनीरासारखा एक गड्डा होता, आणि त्याच्या मुळाशी कंडरा कुजलेली होती. "हाच पू, वैद्यराज," ते म्हणाले. "आणखी सहा महिने थांबला असता, तरी पातळ झाला नसता."

आजी एवढेच म्हणाल्या, "तुमी सांगितलं तसं समदं केलं व्हतं." त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते आजही टोचते.

व्याधीचे स्वरूप

पशुवैद्यकात या विकारास 'बंबलफूट' म्हणतात. तळव्याची त्वचा झिजते अथवा तिला सूक्ष्म जखम होते. तेथून जंतू आत शिरतात आणि त्वचेखालील मृदू गादीत शोथ उत्पन्न होतो. या जंतूंमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस हा प्रमुख होय. मनुष्याच्या त्वचेवर आणि नाकातही राहणारा हाच जंतू आहे, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

व्याधीच्या तीन अवस्था व्यवहारात सहज ओळखता येतात. प्रथमावस्थेत तळव्यावरील बारीक खवल्यांची नैसर्गिक खरखरीत रचना नाहीशी होऊन त्वचा गुळगुळीत, चकचकीत व लालसर दिसते. सूज नसते किंवा अत्यल्प असते. द्वितीयावस्थेत स्पष्ट सूज, मध्यभागी काळपट खपली आणि तिच्याखाली कठीण गड्डा असतो, पक्षी लंगडतो. तृतीयावस्थेत शोथ बोटांच्या मुळांत, घोट्याच्या दिशेने, कंडरा, सांधा व अस्थी यांपर्यंत पोचतो. पक्षी उठत नाही, खात नाही, अंडी बंद होतात.

कोंबडी हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. वेदना लपविणे तिच्या स्वभावातच आहे. म्हणून लंगडणे हे आरंभीचे लक्षण मानू नये. ती लंगडू लागते तेव्हा बहुधा द्वितीयावस्था आलेली असते. प्रथमावस्था सापडावयाची असेल, तर पक्षी हाती घेऊन तळवे उलटून पाहावे लागतात.

पक्वापक्व विचार

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या, म्हणजे आमपक्वैषणीय अध्यायात व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व या अवस्थांची लक्षणे आपण सर्वांनी अभ्यासिली आहेत. वेदना शमणे, सूज ओसरणे, त्वचेवर सुरकुत्या पडणे, आणि बोटाने दाबले असता बस्तीतील पाण्याप्रमाणे पू इकडून तिकडे सरकणे ही पक्वाची लक्षणे होत. अपक्व शोथ कापणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा, अशा दोघांसही आचार्यांनी सारखेच निंद्य ठरविले आहे. आम्ही पहिल्या दोषास भ्यालो आणि दुसरा दोष केला.

असे का घडले? मनुष्याच्या पुवात ज्या श्वेतपेशी असतात, त्यांच्या ठायी ऊतींस विरघळविणारी तीव्र द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे पू पातळ होतो आणि वाट काढतो. पक्ष्यांमध्ये हे कार्य हेटरोफिल नावाच्या पेशी करतात, आणि त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज हे विकर नसते. त्यामुळे पक्ष्याचा पू द्रवरूप न होता घट्ट, पनीरासारखा साठत जातो आणि त्याभोवती तंतुमय कोश तयार होतो. असा गड्डा आपण होऊन फुटून वाहून जाण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. बस्तीतील पाण्याप्रमाणे होणारी जी पुवाची हालचाल आम्ही बोटाने शोधीत होतो, ती या पक्ष्यात येणारच नव्हती.

उष्णतेचेही तसेच. निरोगी कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअसच्या सुमारास असते. आपल्या हातास ती नेहमीच तापलेली वाटणार. तेव्हा दाहाची परीक्षा करताना आपला हात हे प्रमाण न मानता, त्याच पक्ष्याच्या दुसऱ्या पायाशी तुलना करावी.

तथापि शास्त्राने आपणांस येथे अंधारात सोडलेले नाही. त्याच अध्यायात आचार्य सांगतात की, कफज शोथात, तसेच आघाताने झालेल्या खोल शोथात पक्वाची लक्षणे अपुरी दिसतात. त्वचेचा वर्ण बदलत नाही, सूज थंड लागते, वेदना अल्प असते, घनता दगडासारखी असते, आणि तेथे वैद्य पक्वास अपक्व समजून मोहात पडतो. आम्ही हे वचन विद्यार्थिदशेत पाठ केले होते. पाटणच्या आजींची कोंबडी हाती असताना ते आठवले नाही. पाठांतर आणि प्रत्यभिज्ञा यांत हेच अंतर आहे.

या विकारास समांतर असे वर्णन शोधावयाचे झाल्यास विद्रधीपेक्षा कदराकडे पाहणे अधिक उचित, असे आमचे मत आहे. खडे रुतल्याने किंवा काटा लागल्याने पायात उत्पन्न होणारी, खिळ्यासारखी कठीण गाठ असे कदराचे स्वरूप सुश्रुताने क्षुद्ररोगांत सांगितले आहे. त्याची चिकित्सा पोटीस लावून वाट पाहणे ही नाही. ती गाठ उपटून काढणे व नंतर दहनकर्म ही आहे. दोन्ही व्याधी एकच आहेत असा आमचा दावा नाही. परंतु "येथे आत एक घन वस्तू आहे आणि ती बाहेर काढल्यावाचून व्रण भरणार नाही" ही दृष्टी कदराच्या विचाराने येते, विद्रधीच्या विचाराने येत नाही. दहनकर्म मात्र कोंबडीच्या पायावर कोणीही करू नये. तेथे त्वचा व कंडरा यांत अंतर फारच थोडे असते.

अवस्थानुसार उपचार

प्रथमावस्था. ही अवस्था आपल्या सल्ल्याने बरी होण्याजोगी आहे, आणि येथेच आपला खरा उपयोग आहे. पक्ष्यास कोरड्या, मऊ तुसाच्या गादीवर वेगळे ठेवावे. रात्री उंचावर बसू देऊ नये. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम त्रिफळ्याची भरड उकळून निम्मे उरवावे, वस्त्रगाळ करावे, आणि कोमट असताना त्यात दहा मिनिटे तळवा बुडवून ठेवावा. नंतर स्वच्छ कापडाने बोटांच्या बेचक्यांसह पूर्ण कोरडा करावा. त्रिफळा उपलब्ध नसल्यास एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ पुरेसे आहे. हे आठ ते दहा दिवस, दिवसातून एकदा करावे. येथे एक व्यावहारिक सूचना: त्रिफळ्याच्या कषायाने त्वचा काळपट होते आणि हळदीने पिवळी, मग लाली दिसत नाही. म्हणून आधी पाहावे, मग धुवावे.

द्वितीयावस्था. काळी खपली आणि तिच्याखाली कठीण गड्डा आढळल्यास उपनाहाचा, म्हणजे पोटिसाचा, मार्ग सोडून द्यावा आणि पक्षी दोन-तीन दिवसांच्या आत पशुवैद्यकाकडे पाठवावा. खपली नखाने उपटणे, दाबून पिळणे, दाभणाने टोचणे या गोष्टी परसात सर्रास केल्या जातात. त्यांनी जंतू अधिक खोल जातात आणि पक्ष्यास अकारण यातना होतात. गड्डा काढणे हे शस्त्रकर्म आहे. त्यासाठी वेदनाशमन व बधिरीकरण आवश्यक आहे, आणि बधिर करणाऱ्या औषधांची मात्रा लहान पक्ष्यात सहज अतिरिक्त होऊन प्राणावर बेतू शकते. कंडरा, रक्तवाहिनी आणि सांधा हे सारे काही मिलिमीटरच्या अंतरात असते. हे काम ज्याचे, त्याने करावे.

शस्त्रकर्मानंतर मात्र रोपणाचा काळ येतो. तो काही आठवड्यांचा असतो आणि घरीच पार पाडावा लागतो. पशुवैद्यकाच्या संमतीने येथे आपण साह्य करू शकतो: कषायाने अथवा मिठाच्या पाण्याने प्रक्षालन, स्वच्छ बंध, आणि व्रणाचे नियमित अवलोकन. मध लावावयाचा असल्यास तो बंधाच्या आत, अत्यल्प आणि गाळलेला असावा. उघड्यावर मध लावलेल्या पायास मुंग्या लागतात, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

तृतीयावस्था. सूज घोट्याकडे चढली असेल, पक्षी बसून असेल, खात नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यक. अस्थी व सांधा बिघडल्यावर आशा थोडी असते. पुष्कळदा पक्ष्याचे दुःख संपविणे हाच दयेचा मार्ग उरतो. हा निर्णयही मालकाने पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्यावा.

बंध बांधण्याविषयी

मऊ सुती कापडाची अथवा गॉजची बोटभर रुंद पट्टी घ्यावी. व्रणाभोवती, व्रणावर नव्हे, कापसाचे एक वलय ठेवावे, म्हणजे भार वलयावर येतो आणि व्रण मोकळा राहतो. पट्टी बोटांच्या बेचक्यांतून घेत तळव्यावर आणि नडगीच्या तळाशी इंग्रजी आठाच्या आकाराने फिरवावी. फार आवळू नये. बोटे थंड, निळसर वा सुजलेली दिसल्यास बंध तत्काळ सोडावा. ओला झालेला बंध हा बंध नसलेल्यापेक्षा वाईट, म्हणून तो रोज किंवा एक दिवसाआड बदलावा. कोंबडी बंध टोचते. सुटलेला दोरा गिळला जाऊ शकतो, तो नेहमी तपासावा. दुखऱ्या पायाचा भार दुसऱ्यावर पडत असल्यामुळे दुसरा तळवाही प्रत्येक वेळी पाहावा.

हात हातमोज्यांत असावेत, वापरलेले पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये, आणि त्यासाठी वेगळे घमेले ठेवावे. वर उल्लेखिलेला जंतू मनुष्याच्या कापलेल्या बोटातही तितक्याच आनंदाने वाढतो आणि अन्नात गेल्यास विषबाधा करतो. घरात मधुमेही व्यक्ती असल्यास, किंवा कोणाच्या टाचांस भेगा असल्यास, हे काम त्या व्यक्तीने करू नये.

औषधालयांच्या चालकांस विनंती

आपल्या काउंटरवर येणारा प्रश्न बहुधा असा असतो: "कोंबडीच्या पायाला लावायला काहीतरी द्या." हे काहीतरी निवडताना दोन गोष्टी विसरू नयेत. कोंबडी आपल्या पायावरील पदार्थ चोचीने टिपते. म्हणजे बाह्योपचाराचे औषध अंशतः अंतःप्रयोगाचे होते. आणि तिच्या पोटात जाणाऱ्या द्रव्याचा अंश अंड्यात येण्याचा संभव असतो.

यास्तव पारद, गंधक, मनःशिला, हरताळ, शिसे इत्यादी खनिज द्रव्यांनी युक्त मलमे कोंबडीसाठी देऊ नयेत. व्रणरोपणासाठी आपण मनुष्यास निःसंकोच देतो ते जात्यादि तेल घ्या. त्यात तुत्थ, म्हणजे मोरचूद असते, आणि ताम्राचे अधिक्य पक्ष्यांस अपायकारक आहे. भल्लातकयुक्त कल्प आणि क्षार हेही वर्ज्य समजावेत. तेलकट मलम पिसांस लागल्यास पिसांची ऊब व पाणी थोपविण्याचा गुण कमी होतो; आणि खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पायाचे तेल अंड्यांस लागल्यास कवचाची रंध्रे बुजून आतील जीव गुदमरतो. थोडक्यात, या विकारात मलमापेक्षा प्रक्षालन, कोरडेपणा आणि भारमुक्ती ही तीन औषधे श्रेष्ठ. त्यांत नफा नाही. पण ग्राहकाचा विश्वास आहे.

मनुष्यासाठीच्या प्रतिजैविक कॅप्सूल फोडून पाण्यात घालण्याची रीत खेडोपाडी आहे. आपल्यापैकी ज्यांच्या दुकानी ही औषधे असतात, त्यांनी ती कोंबडीसाठी चिठ्ठीवाचून देऊ नयेत. कोश धरलेल्या घन गड्ड्यात औषध पुरेसे पोचतच नाही. पोचतो तो केवळ अपुरा अंश, आणि तो जंतूंना त्या औषधास दाद न देण्याचे शिक्षण देतो. कॉलिस्टिनचा अन्नोत्पादक प्राण्यांतील वापर भारत सरकारने २०१९ मध्ये याच चिंतेने बंद केला. वेदनाशामकांचेही तसेच: डायक्लोफिनॅकने गिधाडांचा जो संहार झाला, त्यामुळे २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी आली; कोंबडीच्या मूत्रपिंडांसही ते घातक ठरू शकते.

पशुवैद्यकाने औषध दिल्यास अंडी किती दिवस खाऊ वा विकू नयेत हे त्यांना विचारावयास ग्राहकास सांगावे. औषधाच्या वेष्टनावर विशिष्ट मुदत सिद्ध केलेली नसेल, तर ती अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस असावी, असा नियम २०१२ मध्ये झाला आहे. आजारी कोंबडी लवकर कापून खाण्याची घाई घरोघरी होते. म्हणून हे आकडे दुकानात लिहून लावण्याजोगे आहेत.

आपल्या अधिकाराची मर्यादा

औषधी द्रव्ये व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्य व प्राणी या दोहोंचाही उल्लेख आहे. शालिहोत्र आणि पालकाप्य यांची परंपरा आपली आहे. कुमाऊंच्या रुद्रदेवांच्या श्यैनिकशास्त्रात शिकारी पक्ष्यांचे संगोपन व उपचार आले आहेत, आणि पाळीव ससाण्यांस तर तळव्याचा हाच विकार फार होतो. हे सर्व अभिमानास्पद आहे. परंतु औषध आयुर्वेदीय आहे म्हणून प्राण्याची चिकित्सा करण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये तो नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. घरगुती स्वच्छतेचा सल्ला देणे आणि रोगनिदान करून शस्त्र चालविणे यांतील रेषा आपण ओलांडू नये. आम्ही सूज दाबून "आम" असे निदान केले, तेव्हाच ती ओलांडली होती.

पायाचे इतर विकार

प्रत्येक लंगडी कोंबडी ही या विकाराचीच असते असे नाही. पुढील स्थिती वेगळ्या ओळखाव्यात.

नडगीवरील खवले उचललेले, पांढुरके, खडबडीत दिसत असतील आणि तळवा स्वच्छ असेल, तर ती खवल्यांखाली राहणाऱ्या सूक्ष्म किडीची बाधा होय. कोमट पाण्यात पाय भिजवून, मऊ ब्रशाने मृत खवले सैल करून, नडगीस करंज अथवा निंब तेलाचा हलका लेप दर तीन-चार दिवसांनी काही आठवडे दिल्यास कीड गुदमरून मरते. येथे तेल उपयोगी आहे. मात्र पिसे सांभाळावीत, आणि बसण्याच्या दांड्याही स्वच्छ कराव्यात. खवले ओढून काढू नयेत.

बोटाभोवती केस वा दोरा गुंडाळला जाऊन बोट सुजते. तो शोधून कापला की काम होते. तरुण पक्ष्याचा एक पाय पुढे व एक मागे पसरत असेल, तर मरेक या विषाणुजन्य रोगाची शंका घ्यावी. अनेक पक्ष्यांचे घोटे व तळवे एकाच सुमारास सुजले, तर तो सांध्यांचा संसर्गजन्य रोग असू शकतो.

आणि एक स्थिती अशी की जेथे हात लावूच नये. पायांवर रक्त साकळल्यासारखे लाल-जांभळे डाग, तुरा निळसर, आणि एकामागून एक अचानक मृत्यू असे आढळल्यास बर्ड फ्लूची शंका धरून लगेच पशुसंवर्धन विभागास कळवावे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे या रोगाने काय घडविले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. असा पक्षी चिकित्सालयात आणू देऊ नये, आणि मेलेले पक्षी इतरत्र नेऊ नयेत.

निदानपरिवर्जन

निदानपरिवर्जन हीच संक्षेपाने चिकित्सा, हे तत्त्व या विकारास शब्दशः लागू पडते. पूर्वीची गावरान कोंबडी हलकी, काटक, झाडावर झोपणारी. आता परसात हैदराबाद येथे विकसित झालेली वनराज आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज या वजनदार जाती आल्या. अंडी व मांस वाढले, ही उत्तम गोष्ट आहे. परंतु खुराडे जुनेच राहिले. जड पक्षी उंच दांडीवरून रोज पहाटे कठीण जमिनीवर उडी घेतो, आणि तो आघात तळवा सोसतो.

दांडी जमिनीपासून दीड ते दोन फुटांहून उंच नसावी. रुंदी चार-पाच सेंटिमीटर, कडा गोलसर, वरचा भाग गुळगुळीत. फाटलेला बांबू, खिळे, तारेची जाळी ही प्रच्छन्न शस्त्रे होत. खाली दोन-तीन इंच जाडीची भाताच्या तुसाची गादी असावी; ती हातात दाबल्यास गोळा न होता मोकळी व्हावी. ओली गादी आणि अमोनियाचा वास ही धोक्याची सूचना. चुना वापरावयाचा असल्यास तो विरलेला असावा. कळीचा चुना ओल्या तळव्यास भाजतो. पावसाळ्यात अंगणातील टोकदार खडी, जांभ्याच्या कपच्या, बाभळीचे काटे उचलावेत.

आहारात 'अ' जीवनसत्त्वाच्या न्यूनतेने त्वचा दुर्बल होते. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर, पिवळा मका, लसूणघास यांपैकी जे परसात असेल ते द्यावे. पक्षी फार स्थूल असेल, तर दाणा आवरावा. आणि दर पंधरवड्यास, रात्री पक्षी शांत असताना, एकेकाचा तळवा उलटून पाहावा. दहा कोंबड्यांस एवढे करावयास पाव तास लागतो.

उपसंहार

त्या घटनेनंतर आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यातील त्या डॉक्टरांकडे दोन-तीन वेळा गेलो. त्यांचे काम पाहिले, आणि आपले ज्ञान कोठे संपते ते समजून घेतले. आता चिकित्सालयात अशी कोंबडी आली, तर आम्ही तळवा पाहतो. चकचकीत असेल, तर प्रक्षालन व खुराड्याविषयी सांगतो. खपली असेल, तर चिठ्ठी लिहून त्यांच्याकडे पाठवितो. पोटीस कोणासही सांगत नाही.

आजी अजूनही गुडघ्यासाठी येतात. कोंबडी मेली त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या नातवाच्या साह्याने खुराड्यातील माणसाच्या छातीएवढ्या उंचीची दांडी काढून गुडघ्याएवढ्या उंचीवर बसविली. काम होईतो आजी ओट्यावर बसून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एवढंच करायचं व्हतं व्हय?"

होय, आजी, एवढेच करावयाचे होते. आणि ते आम्ही आधी सांगावयास हवे होते. आपल्यापैकी कोणावर हे वाक्य ऐकण्याची पाळी येऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच. अलमतिविस्तरेण.